ताडपत्रीत बांधूनही बाकडं कुजलं, यंदा काय करू?

गुहागर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, थोडक्यात देतो.

"निवृत्तीनंतर आम्ही दोघं ठाण्याहून सासरच्या घरी राहायला आलो. अंगणात सागाचं बाकडं, सागाच्या दोन खुर्च्या, लोखंडी गोल टेबल आणि त्याच्या दोन खुर्च्या आहेत. पडवीत वेताचा सोफा आणि सासऱ्यांचा झोपाळा, फणसाच्या एकसंध फळीचा. गेल्या जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला जावं लागलं. जाताना सगळं निळ्या ताडपत्रीत गुंडाळलं, सुतळीनं आवळून बांधलं. दसऱ्याला येऊन सोडलं तर कुबट वास, काळे डाग, पांढरी बुरशी. बाकड्याच्या एका पायात बोट दाबलं तर आत गेलं. टेबलाचे पाय गंजले. झोपाळ्यावरही बुरशी. हिवाळ्यात पुसून वापरलं, पण यंदा पुन्हा जूनच्या पहिल्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत घर बंद राहणार. सुतार म्हणतो, ऑइलपेंट मारा. शेजारचे काका म्हणतात, गाडीचं जळकं ऑइल लावा. मुलगा म्हणतो, ऑनलाइन वॉटरप्रूफ कव्हर मागवतो. कोणाचं ऐकू? झोपाळ्याचं फार मनाला लागलंय. सासरे रोज दुपारी त्यावर पडून पेपर वाचायचे."

ताई,

तिघांचंही ऐकू नका. आणि आधी मनातून एक काढून टाका, की तुमच्या हातून हयगय झाली. तुम्ही जरा जास्तच काळजी घेतलीत. नुकसान पावसानं केलेलं नाही, आत कोंडलेल्या ओलीनं केलंय.

लाकूड कुजवणारी बुरशी लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल गेली की जोर धरायला लागते. आता आपल्याकडची हवा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के असते. अशा हवेत नुसतं उभं असलेलं लाकूड, अंगावर थेंबही न पडता, अठरा-वीस टक्के ओल धरून बसतं. म्हणजे चारही महिने ते काठावरच असतं. त्याला वाचवतो तो वारा आणि मधूनच उघडणारं ऊन. तुम्ही ताडपत्री आवळलीत तेव्हा हे दोन्ही बंद झालं. खाली माती ओली, तिची वाफ वर येणार, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला तिचं पाणी होणार आणि तेच पुन्हा लाकडावर टपकणार. रात्री भांड्यावर झाकण ठेवून गरम भात विसरला तर सकाळी झाकणाला जसं पाणी धरतं, तसं. फक्त इथे ते चार महिने चाललं.

आपल्या लोकांना हे कळत होतं. पाऊस जवळ आला की कोकणात अंगणातला मांडव उतरवतात, त्याचे पोफळीचे खांब आडोशाला उचलून ठेवतात आणि पडवीला झावळ्यांची झापं लावतात. त्या झापाकडे नीट बघा. झड अडवतं, पाणी निथळून जातं, आणि वारा आरपार खेळतो. यंदा तुम्हाला तुमच्या सामानासाठी नेमकं हेच करायचंय. वरून आडोसा, खालून उचललेलं, बाजूंनी मोकळं.

आता वेळेचं. तुम्ही पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात लिहिलंय, म्हणजे हातात तीनेक आठवडे आहेत. मृगापर्यंत थांबू नका. मान्सून मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून आणि तुमच्याकडे तो त्याआधी येतो, हे झालं पुस्तकातलं. २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जूनला किनाऱ्यावर आलं आणि २०२१ मध्ये 'तौक्ते' तर मेच्या मध्यालाच कोकण किनाऱ्याजवळून गेलं. म्हणून अगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बाकी कामांबरोबर हेही २५ मेच्या आत उरका. तेलाला वाळायला ऊन लागतं, ते जूनमध्ये मिळेलच असं नाही.

पहिलं काम बाकड्याच्या पायाचं, कारण ते सगळ्यात वाईट अवस्थेत आहे. बाकडं उलटं करा. दाभण किंवा बारीक पेचकस घ्या आणि चारही पायांच्या तळाला टोचत वर वर या. जिथे टोक भुसकन आत जातं ते लाकूड मेलेलं. जिथे टोक अडतं आणि हाताला टणकपणा लागतो, तिथून लाकूड जिवंत. बहुतेक वेळा हे कुजणं खालच्या दोन-तीन इंचांतच असतं, कारण पायाच्या तळाशी लाकडाचे रेषे आडवे कापलेले असतात आणि त्या उघड्या तोंडांतून पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. फळीच्या पृष्ठभागातून शिरणाऱ्या पाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त असतं. सुताराला सांगा, मेलेला भाग पूर्ण कापून टाक आणि तेवढाच नवा सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोड. भोकात लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारायचा सल्ला त्यानं दिला तर ऐकू नका. कुजलेलं आत राहिलं की ते पुढे सरकतं. नवा तुकडा गाभ्याचा हवा, गडद तपकिरी. सागाला वाळवी आणि बुरशी सहज लागत नाही असं आपण म्हणतो ते या गाभ्याबद्दल. बाहेरचं पांढुरकं लाकूड, सागाचं असलं तरी, बिचारं कोणत्याही साध्या लाकडासारखंच कुजतं. तुमचा तो एकच पाय गेला आणि बाकीचे तीन टिकले, याचं कारण कदाचित हेच असेल. कापलेल्या जागी बघा, कडेला फिकट पट्टा दिसतो का.

पाय दुरुस्त झाला की चारही पायांच्या तळाला, आणि खुर्च्यांच्याही, एपॉक्सीचा थर द्या. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबांचं मिळतं ते चालतं. तळाच्या रेष्यांची तोंडं एकदा अशी बंद झाली की अर्धी लढाई जिंकलीत. लाकूड पूर्ण कोरडं असताना मात्र लावायचं, नाहीतर ओल आतच बंद होईल आणि आपण पुन्हा ताडपत्रीपाशी येऊ.

काळ्या डागांचे दोन प्रकार असतात. सगळीकडे शिंतोड्यांसारखे बारीक ठिपके असतील तर ती बुरशी. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन रेष्यांच्या दिशेनं घासा. तारेचा ब्रश नको आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप तर अजिबात नको. त्यानं रेष्यांमधला मऊ भाग उडून जातो आणि खाचा उरतात, पुढच्या पावसात पाणी तिथेच साचतं. घासताना नाकाला फडकं बांधा. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रूभोवती शाईसारखा निळसर काळा डाग. तो लोखंडाचा. लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडली की तसा रंग येतो, आणि तो घासून जात नाही. तिथले लोखंडी स्क्रू काढून पितळेचे किंवा स्टेनलेसचे घाला. समुद्र जवळ असेल तर ३१६ नंबरचं स्टेनलेस मागा, साधं ३०४ खाऱ्या हवेत काही वर्षांत डागाळतं. डाग काढायला ऑक्झॅलिक अॅसिड मिळतं, पण ते विषारी आहे. हातमोजे घालूनच वापरा, नंतर भरपूर पाण्यानं धुवा, आणि घरात नातवंडं असतील तर मी म्हणेन डाग राहू द्या.

धुतल्यावर तीन-चार दिवस कडक ऊन दाखवा. मग १२० नंबरच्या आणि त्यानंतर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं रेष्यांच्या दिशेनं हलका हात फिरवा. वरचा राखाडी रंग लगेच निघेल. तो कुजण्याचा नसतो, उन्हानं वरची पातळ साय करपवलेली असते इतकंच. खाली पुन्हा मधाळ साग दिसेल.

ऑइलपेंट का नको ते सांगतो. रंगाचा पापुद्रा लाकडाला सर्व बाजूंनी बंद करतो. पण आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात फुगतं, मेमध्ये आकसतं. सांध्यापाशी पापुद्र्याला केसाएवढी चीर पडतेच. पाणी त्या चिरेतून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून रंग चकाचक आणि आत भुगा, अशी किती दारं-खिडक्या आपण पाहिल्यात! चपड्याचं फ्रेंच पॉलिशही बाहेरच्या सामानाला नको, ओल लागली की ते पांढरं पडतं. जळकं ऑइल कुंपणाच्या खुंटांना लावायची पद्धत जुनी आहे आणि वाळवीला ते थोडंफार अडवतंही. पण त्यात इंजिनातली घाण, धातूचे कण असतात. ते कातडीला लागणं चांगलं नाही आणि ते कधी वाळत नाही. ज्या बाकड्यावर उद्या नातवंड बसणार, त्याला ते लावू नका.

लावायचं ते अळशीचं तेल. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल' म्हणून मागा. साधं कच्चं अळशीचं तेल फार सावकाश वाळतं, आणि घरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तर वाळतच नाही, चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून द्या, म्हणजे ते आत मुरेल. वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. हे पुसणं विसरू नका. वर तेलाची साय राहिली तर तीच बुरशीचं खाणं होते. एक दिवस सोडून दुसरा हात, या वेळी टर्पेंटाइन कमी. दोन हात पुष्कळ झाले. शेवटच्या हातानंतर आठवडाभर तरी ऊन मिळायला हवं.

एक गोष्ट इथे थांबून सांगतो, कारण ती बाटलीवर बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही. अळशीच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि गोळा केलेल्या फडक्यांच्या आत ती उष्णता साठत जाऊन फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. काम झालं की फडकी पाण्यात बुडवा, मग अंगणात एकेक पसरून वाळवा आणि नंतर टाका. तुम्ही घर बंद करून निघणार आहात म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

दरवर्षी तेल लावलंच पाहिजे असंही नाही. अस्सल गाभ्याचा साग तेलाशिवायही उभा राहतो, फक्त राखाडी होतो. यंदा तुमच्या लाकडानं बरंच सोसलंय, म्हणून लावा. पुढच्या वर्षी नाही जमलं तर जीव टाकू नका.

लोखंडी टेबल-खुर्च्यांचं काम सरळ आहे. आधी गोड्या पाण्यानं धुवा, खाऱ्या हवेतलं मीठ त्यावर बसलेलं असतं आणि मिठावर रंग टिकत नाही. वाळल्यावर तारेच्या ब्रशनं गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात. पाय पोकळ पाइपचे असतील तर तळाची प्लास्टिकची टोपणं काढून बघा. बहुतेक टोपणात गंजाचं लाल पाणी सापडेल. पाइप आतूनच कुजत असतो. टोपणाला खाली एक भोक पाडून परत बसवा, म्हणजे पाणी निघून जाईल.

वेताचा सोफा पडवीतून आत घ्या. झटकून, ब्रशनं सांध्यांतली धूळ काढा. खाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर आत किडा आहे. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून सांध्यांत ब्रशनं भरा आणि उन्हात कडकडीत वाळवा. गाद्या वेगळ्या काढा, दोन उन्हं द्या आणि जुन्या सुती चादरीत बांधून माळ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

आता झोपाळा.

फणसाची फळी आहे हे वाचून बरं वाटलं. ते लाकूड चिवट असतं, वरवरच्या बुरशीनं त्याचं काही जात नाही. मात्र ती फळी धुऊन थेट तापलेल्या खळ्यावर आडवी टाकू नका. एका बाजूनं भराभर वाळली की फळीला बाक येतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर घालून पुन्हा एकदा पुसा, आणि पडवीच्या सावलीत कडेवर उभी करून दोन दिवस वाळू द्या. मग सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही अंगांना सारखं. तेलाचा एक पातळ हात पुरे, तोही दोन्ही बाजूंना. वरून तेल आणि खालून कोरडी ठेवली तरीही फळी वाकते. जिथे सासऱ्यांच्या डोक्याखाली आणि पायाखाली वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालं असेल, तिथे पॉलिश पेपर लावू नका. ती झिलई कोणत्याही दुकानात मिळत नाही.

कड्या पितळी असतील तर चिंचेनं घासा, पण चिंचेचा अंश राहू देऊ नका. भरपूर पाण्यानं धुऊन, पुसून, खोबरेलाचा बोटभर हात फिरवा. लोखंडी असतील तर रॉकेल किंवा टर्पेंटाइननं गंज पुसून ग्रीस. आणि प्रत्येक कडी दुसऱ्या कडीत जिथे टेकते, तिथे बोट घालून बघा. माझे वडील सुतारकाम करायचे. कुणाच्याही घरी झोपाळ्याचं काम निघालं की ते फळीकडे नंतर बघायचे, आधी स्टुलावर चढून वरच्या हुकात बोट फिरवायचे. एकदा त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं होतं. बाहेरून करंगळीएवढी जाड, काळी, भक्कम दिसणारी कडी, आणि आतल्या बाजूला बोटाला खळगा लागला, निम्मी झिजलेली. त्या झोपाळ्यावर त्या घरातली चार पोरं सकाळपासून बसलेली होती. झीज नेहमी आत होते, खालून उभं राहून दिसत नाही.

निघताना फळी उतरवा. कड्या वर राहू देत. फळी माजघरात आतल्या भिंतीला, बाहेरच्या नव्हे, लांबट कडेवर उभी करा. खाली विटेचे दोन तुकडे आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला ओल येतेच, तिला टेकवलेलं काहीही ती ओल घेतं.

बाकडं आणि सागाच्या खुर्च्या पडवीत, झड येते त्या बाजूपासून लांब, कडप्प्याच्या किंवा कौलाच्या तुकड्यांवर. एकमेकांवर रचू नका. पडवीतही पाणी येत असेल तर झड येते त्या बाजूला झाप लावून घ्या. ते नाही मिळालं तर तीच निळी ताडपत्री वाशांना उंच बांधा, पडद्यासारखी, सामानापासून दोन हात लांब, खालून मोकळी. फर्निचरला मात्र तिचा स्पर्श नको. मुलाला सांगा, कव्हरचे पैसे वाचव. आणि ताडपत्रीला झोळ राहू देऊ नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची आठ-दहा दिवसांत एक पिढी तयार होते. लोखंडी खुर्च्या वजनाला हलक्या असतील तर दोरीनं खांबाला बांधा. वादळात सुटलेली खुर्ची आधी तुमची कौलं फोडते.

शेवटचं काम माणसाचं आहे. जळकं ऑइल सुचवणाऱ्या त्याच काकांना किल्ली द्या. उघडीप पडेल तेव्हा, आठ-पंधरा दिवसांतून एकदा, त्यांनी दारं-खिडक्या तास-दोन तास उघडायच्या, वारा फिरू द्यायचा आणि कुठे वाळवीची मातीची रेघ दिसते का ते पायांशी बघायचं. बंद खोलीतलं लाकूड ताडपत्रीतल्या लाकडाहून फार सुखात नसतं.

गणपतीला आलात की सगळं कोरड्या फडक्यानं पुसा, उघडीप असेल तर बाहेर काढा. तेव्हा तेल लावायचा मोह आवरा, हवेत अजून ओल असते. ते काम ऑक्टोबरच्या उन्हात. झोपाळा मात्र गणपतीतच टांगा, घरात माणसं आलेली असतात.

त्याआधी एक करा. वरच्या हुकातली कडी आतल्या बाजूनं दिसेल असा फोटो मला पाठवा. शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे जाडीचा अंदाज येईल. बदलायला झाली असेल तर फक्त ती वरची बदलू, बाकीच्या सासऱ्यांच्याच ठेवू.